कोरड्या मांजरीची साक्ष

१

मृतदेह सापडले तेव्हा सकाळ होती, लख्ख ऊन होतं आणि मावशीच्या डाव्या पायाला प्लास्टर होतं. यातल्या एकूण एक गोष्टीचा गुन्ह्याशी संबंध निघाला. प्लास्टरचासुद्धा.

मयत सगळे नेचे होते. मावशीच्या घरामागच्या काचघरात, तिन्ही बाजूंच्या फळ्यांवर, कुंडीला कुंडी लागून, सगळे तपकिरी होऊन माना टाकून पडलेले. बोट लावलं की पानाचा चुरा व्हायचा. मावशी हे नेचे ऑफिसांना आणि दवाखान्यांना भाड्याने देते. माणसं जिथे ताटकळत बसतात तिथे कोपऱ्यात एक नेचा लागतोच, आणि ताटकळण्याला आपल्याकडे तोटा नाही, त्यामुळे धंदा बरा चालला होता.

मला तिने फोन केला तो असा: "ढब्ब्या, खून झालाय. येताना चहापावडर आण."

मी अंगाने काडी आहे. ढब्ब्या हे नाव मला पाळण्यात असताना पडलं आणि पुढे सगळा पुरावा विरुद्ध जाऊनही टिकलं. कॉम्प्युटरची बिघडलेली कामं मार्गी लावणं हा माझा व्यवसाय. नातेवाईक मला प्रिंटरवाला समजतात. प्रिंटर मला दुरुस्त करता येत नाही. तो कोणालाच येत नाही. बाकीचे कबूल करत नाहीत, एवढंच.

मावशी काचघराच्या मधोमध, चाकाच्या खुर्चीवर, प्लास्टरचा पाय उलट्या बादलीवर ठेवून बसली होती. न्यायाधीश दिसतात तशी दिसत होती, फक्त गाउनमध्ये.

"तपासाची गरज नाही," ती म्हणाली. "कोणी केलं ते मला माहीत आहे."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"ताई म्हणाली, एकदा ढब्ब्याला विचार. आणि चहापावडर संपली होती." तिने काचेतून बाहेर बोट दाखवलं. "त्यांनी केलंय."

बाहेर, पेरूच्या झाडाखाली, माळीकाका टोपी हातात घेऊन उभे होते. मावशीकडे ते इतकी वर्षं आहेत की मला चालायला शिकवताना माझं एक बोट मावशीने आणि दुसरं त्यांनी धरलं होतं.

"संध्याकाळपर्यंत तुला दुसरं कोणी सापडलं तर सांग," मावशी म्हणाली. "नाहीतर उद्यापासून येऊ नका म्हणून मी त्यांना सांगणार आहे."

हे म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती. एका मेलेल्या नेच्याकडे बघत होती.

२

आधी फिर्याद. ती अशी.

मावशीची मुलगी, म्हणजे माझी ताई, आणि तिचा नवरा वरच्या मजल्यावर राहतात. नवऱ्याला घरातले, शेजारचे आणि दूधवालासुद्धा जावईबापू म्हणतात. जावईबापू बँकेत कसलेतरी मोठे अधिकारी, पण जीव सगळा यंत्रांत. मागच्या वर्षी त्यांनी काचघरात फवारे बसवले. छताखालून पाइप, पाइपाला झडप आणि कोपऱ्यात डब्यात एक चिमुकला कॉम्प्युटर. त्याच्यात रुबी नावाच्या भाषेत लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम. तो चालला की झडप उघडते, थोडा वेळ फवारे उडतात, झडप मिटते.

तो रोज पहाटे आपोआप चालावा म्हणून क्रॉन. क्रॉन हा प्रत्येक अशा कॉम्प्युटरच्या पोटात राहणारा एक नोकर समजा. त्याला वेळ आणि काम एका ओळीत लिहून द्यायचं. वेळ झाली की तो काम करतो. कुरकुर नाही, चहा नाही, सुट्टी नाही.

"आणि चाललं का हे?" मी विचारलं.

"म्हणजे काय!" जावईबापू म्हणाले. ते काल रात्रीच ताईबरोबर समुद्रावरून परत आले होते आणि नाक सोलून लाल झालेलं होतं. "सुरुवातीला मुळं सडायला लागली. पाणी जास्त होत होतं. यंत्राचं पाणी मी मोजून ठरवलेलं. मग जास्तीचं कुठून आलं? माळीकाकांनी. यंत्र घालतंय ते पुरत नाही म्हणून गुपचूप वरून झारीने घालायचे."

"त्यांनी कबूल केलं?"

"नाही. पण आईंनी नळाची चावी काढून घेतली, झाऱ्या कोठीत कुलपात टाकल्या, आणि लगेच सडणं थांबलं! यावरून काय ते समजा."

मी समजलो नाही, पण मान हलवली. तपासात मान हलवणं फार उपयोगी पडतं. समोरचा पुढे बोलतो.

"त्यानंतर काचघर इतकं फुललं, इतकं फुललं की काय सांगू. आणि आम्ही चार दिवस बाहेर गेलो तर हे. आम्ही निघालो तेव्हा माळीकाका फाटकात उभे राहून काय म्हणाले माहीत आहे? सगळ्यांच्या देखत? 'जाऊन या. बघू तुमच्यामागे तुमचं यंत्र किती चालतंय.'"

"भावजी, तुम्ही निघायच्या आधी यंत्र चालू होतं याची खात्री आहे?"

जावईबापूंनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

"मी रोज सकाळी चहा पिताना स्वतः तपासतो. रोज. एक दिवस चुकलेलो नाही. निघालो त्या सकाळीसुद्धा तपासलं. उत्तम चाललं."

म्हणजे ते असताना रोज चाललेलं यंत्र ते गेल्यावर एकदाही चाललं नाही. पाण्याचा कॉक आतून कोणीतरी बंद केला असणार, किंवा तार काढली असणार, आणि मागे काचघरात जाणारा माणूस एकच होता.

मावशीच्या पायाला प्लास्टर. मागच्या पायरीवरून खुर्ची उतरवायला ताई आणि भावजी नव्हते, म्हणून ती त्या दिवसांत मागे जाऊच शकत नव्हती.

मला माझा धंदा आवडतो, पण त्या क्षणी प्रिंटर बरा वाटला.

३

माळीकाकांना मी पेरूखालीच गाठलं.

"काका, तुम्ही ते वाक्य बोललात?"

"बोललो."

"कशाला बोललात?"

"तोंड आहे म्हणून बोललो. माझी झारी कुलपात आणि तो डबा काचघरात. मी काय गाणं म्हणू?"

"नेचे वाळताना तुम्हाला दिसले असतील की."

"दिसले ना. पहिल्याच दिवशी मावशींना जाऊन सांगितलं, पानं मलूल झालीत. त्या म्हणाल्या, तुम्हाला यंत्र नकोच आहे. दुसऱ्या दिवशी सांगितलं, माती कोरडी ठाक आहे, एक बादली द्या. म्हणाल्या, बादली माझ्या पायाखाली आहे आणि पुन्हा मुळं सडवू नका. तिसऱ्या दिवशी सांगितलं नाही."

"का?"

"माणसाला किती वेळा खोटं ठरवून घ्यायचं याला काही मर्यादा असते, बाळा."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हा माणूस खोटं बोलत असेल तर तो गेली तीस वर्षं चुकीच्या व्यवसायात होता.

मग मी परत काचघरात गेलो, आणि फिरता फिरता दारामागच्या खालच्या फळीवर मला ते दिसलं. एक ट्रे. त्यात नखाएवढाली हिरवी रोपं. टवटवीत. मातीला बोट लावलं तर ओली.

काचघरात सगळे मेले होते आणि हा एकच ट्रे जिवंत होता.

"बघितलंस?" मावशी माझ्यामागे खुर्ची सरकवत येऊन म्हणाली. "ती त्यांनी स्वतः लावलेली रोपं आहेत. आपली तेवढी वाचवली. म्हणजे बाकीचे मरणार हे त्यांना ठाऊक होतं."

४

पुरावा वाईट असला की मी यंत्राकडे जातो. यंत्राला नातेवाईक नसतात.

तार जागेवर होती. पाण्याचा कॉक उघडाच होता, त्यावर कोळ्याने घर केलेलं, म्हणजे त्याला कोणी हात लावलेला नव्हता. कॉम्प्युटरला विचारलं, बाबा रे, तू शेवटचा बंद कधी झालास? त्याने सांगितलं की मी गेले कित्येक महिने सलग चालूच आहे, धन्यवाद.

मग मी जावईबापूंना त्यांच्या खोलीतून कॉम्प्युटर जोडून द्यायला सांगितलं आणि म्हटलं, "तुम्ही रोज तपासता तसं तपासून दाखवा. काही वेगळं करू नका. चहासुद्धा घ्या."

त्यांनी चहाचा घोट घेतला. काळी खिडकी उघडली. एक ओळ टाइप केली.

खाली काचघरात सूं असा आवाज झाला. फवारे उडायला लागले. मावशी किंचाळली, कारण ती अजून आतच होती.

"उत्तम चालतंय!" जावईबापू खिडकीतून ओरडले.

मी खिडकीतून खाली बघत उभा राहिलो. मेलेल्या नेच्यांवर पाऊस पडत होता, मध्ये मावशी बसली होती, आणि यंत्रात काडीचाही दोष नव्हता.

तार तोडलेली नाही, कॉक मिटलेला नाही, वीज गेलेली नाही, प्रोग्रॅम बिघडलेला नाही. सगळे साक्षीदार धडधाकट. तरी चार दिवस एक थेंब पडला नव्हता.

आमच्या धंद्यात अशा यंत्राला एक नाव आहे, पण ते मावशीच्या घरात उच्चारता येत नाही.

५

ताई स्वयंपाकघरात मावशीच्या डोक्याला टॉवेल गुंडाळत होती. मावशी एका हाताने मला चिमटा काढायचा प्रयत्न करत होती. मी टेबलाच्या पलीकडे उभा होतो.

"ताई, तू तिथे समुद्रावर काय केलंस?"

"मी? मी गुन्हा केला," ताई शांतपणे म्हणाली. "पोचल्या पोचल्या याचा फोन काढून घेतला आणि माझ्या चपलांच्या पिशवीत ठेवला. लॅपटॉप तर आणूच दिला नव्हता. लग्न माझ्याशी केलंय, संसार सगळा रुबीशी. रोज सकाळी मी समोर बसलेली असते आणि हा त्या काळ्या खिडकीत बघून हसतो."

"चार दिवस त्यांनी तपासलं नाही?"

"हात नुसते शिवशिवत होते बिचाऱ्याचे. एकदा वाळूत बोटाने तीच ओळ लिहीत होता."

मी ते मनात टिपून ठेवलं. नेमकं का, ते अजून मला कळलं नव्हतं.

"मावशी, क्रॉन रोज काम झाल्यावर मेल पाठवतो. काही गडबड झाली तरी पाठवतो. ते मेल कोणाकडे यायचे?"

"माझ्याकडे," मावशी म्हणाली. "रोज पहाटे टिंग. 'पाणी घातलं.' टिंग. 'पाणी घातलं.' अरे, घातलंस तर घातलंस! मी जावईबापूंची सासू आहे, त्या डब्याची नाही. बंद करायला लावले."

"म्हणजे आता चांगलं-वाईट काहीच कळत नाही?"

"शांतता असते," मावशी म्हणाली.

एवढ्यात खिडकीतून बाईसाहेब आत आल्या. बाईसाहेब ही मांजर. करडी, गुबगुबीत, आणि घरात सगळ्यांना अहो-जाहो करायला लावणाऱ्या माणसासारखी चालणारी. ती थेट आपल्या पाण्याच्या वाटीपाशी गेली, वाटीत पाहिलं, आणि मग आमच्या सगळ्यांकडे पाहिलं.

"बघ, पुन्हा रिकामी," मावशी म्हणाली. "या आठवड्यात वाटीच्या वाटी पाणी पिते ही. सकाळी भरावी तर दुपारी परत रिकामी. उन्हाळाच तसा आहे."

मांजरीने वाटी चाटली. कोरडी. ती तहानलेली होती.

वाटीभर पाणी पिणारी मांजर तहानलेली कशी असेल?

६

मी सरळ मागच्या दाराशी गेलो. पायरीवर माळीकाकांची पिशवी होती. वरच पाण्याची बाटली दिसत होती, घरून आणलेली. बाटलीच्या तोंडाला माती लागलेली होती.

"काका, तुम्ही मांजरीचं पाणी चोरत होतात."

माळीकाकांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली.

"बाटली अपुरी पडायची," ते म्हणाले. "मावशींनी पाण्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलेलं. तेव्हा त्यांच्या पाण्याला मी हात लावला नाही. माझं पिण्याचं घातलं. आणि मांजरीचं. मांजर काही सांगणार नव्हती."

"आणि तोच ट्रे का?"

"एका बाटलीत जेवढे भागले तेवढे. मोठ्यांना निदान थोडा दम निघतो. ती पोरं आहेत, त्यांना तहान सहन होत नाही."

मी बाटली नीट पिशवीत सरकवली.

आपली रोपं वाचवणारा खुनी नव्हता तो. सगळ्या घरात पाणी घालायचा प्रयत्न करणारा तो एकटा होता, तेसुद्धा तहानलेला राहून. पण ही झाली माझी खात्री. मावशीला खात्री नाही, खुलासा हवा होता. माळीकाकांनी केलं नाही, तर कोणी केलं?

मी आत आलो. बाईसाहेब मावशीच्या मांडीवर चढून प्लास्टरवर नखं परजत होत्या.

"हिला आवर," मावशी म्हणाली. "तरी आता पुष्कळ सुधारली म्हणायची. आधी रोज पहाटे चिंब भिजून यायची आणि थेट माझ्या पांघरुणात शिरायची."

मी हातातला कप खाली ठेवला.

"चिंब भिजून? कुठून?"

"काचघरातून. रात्री तिथे मधल्या फळीवर झोपते, उबेला. पहाटे फवारे सुटले की ही भिजलीच. रोज शिव्या खायची, रोज तिथेच झोपायची."

"आता तिथे झोपत नाही?"

"तिथेच झोपते. पण भिजत नाही. सवय मोडली."

"मावशी, पहाटे फवारे उडत असताना त्याच फळीवर झोपलेल्या मांजरीने न भिजण्याची सवय कशी लावून घेतली?"

मावशीने मांजरीला नखांसकट उचलून तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"कधीपासून भिजत नाही?" मी विचारलं.

"कधीपासून बरं... मी नळाची चावी काढून घेतली ना, त्याच सुमाराला. मुळं सडायची थांबली आणि हीसुद्धा सुधारली. मला वाटलं, घराला एकदम चांगले दिवस आले."

मी जिन्याने वर पळालो. "भावजी! नळाची चावी काढून घेतली त्याच सुमाराला तुम्ही यंत्रात काय बदल केला होता?"

जावईबापूंचा चेहरा अभिमानाने उजळला. सोललेलं नाकसुद्धा चमकलं.

"तुला कसं कळलं?"

७

संध्याकाळी मी सगळ्यांना काचघरात जमवलं. मावशी खुर्चीवर, छत्री उघडून. ताई दाराशी. जावईबापू डब्याशेजारी. माळीकाका आत यायला तयार नव्हते. त्यांना मी हाताला धरून आणलं आणि त्या हिरव्या ट्रेपाशी उभं केलं. बाईसाहेब मधल्या फळीवर, आपल्या जागी.

"आता मी क्रॉनला सांगतो," मी म्हटलं, "की दोन मिनिटांनी पाणी घाल. ओळ जशी होती तशीच, फक्त वेळ बदलली. कोणीही कशाला हात लावायचा नाही. भावजी, तुम्ही हात खिशात घाला. दोन्ही."

आम्ही थांबलो. जावईबापूंच्या खिशात बोटं वळवळताना दिसत होती. मावशी छत्रीखालून वर बघत होती.

वेळ झाली. वेळ गेली.

एक थेंब पडला नाही. मांजर झोपलेली राहिली.

"अशक्य!" जावईबापू म्हणाले. "थांब, मी तपासतो." आणि ते दाराकडे वळले.

"हेच!" मी इतक्या जोरात ओरडलो की ताई दचकली. "भावजी, तिथेच थांबा. तुम्ही तपासता म्हणजे नक्की काय करता?"

"म्हणजे काय? प्रोग्रॅम चालवतो. पाणी पडतं का बघतो."

"म्हणजे पाणी घालता."

"नाही, तपास—" ते म्हणाले, आणि थांबले. वाळूत ओळ लिहिणारं त्यांचं ते बोट खिशातून हळूहळू बाहेर आलं आणि हवेतच राहिलं.

काचघरात इतकी शांतता पसरली की मावशीला ती आवडली असती. पण तिलाही नाही आवडली.

८

"आता पहिल्यापासून सांगतो," मी म्हटलं. अशा वेळी येरझाऱ्या घालायच्या असतात, पण कुंड्यांमुळे जागा नव्हती, म्हणून मी उभ्या उभ्याच सांगितलं.

"यंत्र बसवलं. क्रॉन पहाटे पाणी घालायचा. मांजर भिजायची. मग सकाळी चहा पिताना भावजी तपासायचे, म्हणजे परत पाणी घालायचे. तेव्हा मांजर स्वयंपाकघरात दुधावर असायची, म्हणून दुसऱ्यांदा भिजायची नाही. नेच्यांना दुधाची सोय नव्हती. त्यांना दोनदा पाणी. मुळं सडली."

मावशीने माळीकाकांकडे पाहिलं. माळीकाका ट्रेकडे बघत होते.

"म्हणजे ते जास्तीचं पाणी..."

"झारीचं नव्हतं. तपासणीचं होतं. मावशी, तू नळाची चावी काढून घेतलीस. नेमकं त्याच आठवड्यात भावजींनी सुधारणा केली. सांगा, भावजी."

"रुबीची जुनी आवृत्ती होती," जावईबापू म्हणाले. आवाज बराच खाली आला होता. "मी नवीन घातली. व्हर्जन मॅनेजर बसवला, म्हणजे एका मशीनवर हव्या तितक्या आवृत्त्या नीट ठेवता येतात. आणि मग जुनी काढून टाकली. म्हटलं, एका डब्यात दोन रुबी कशाला?"

"बरोबर. व्हर्जन मॅनेजरने नवी रुबी ठेवली तुमच्या खात्याच्या एका आतल्या खोलीत. तुम्ही काळी खिडकी उघडता तेव्हा तुम्ही पुढच्या दाराने येता. तिथे पाटी लावलेली असते: रुबी आता आतल्या खोलीत राहते. ती पाटी वाचून तुमची ओळ बरोबर जागी पोचते. क्रॉन मागच्या दाराने येतो. त्याला दोन-चार जुने पत्ते पाठ आहेत, पाट्या तो वाचत नाही. तो जुन्या पत्त्यावर गेला. तिथे रुबी नाही. तो ओरडला, रुबी सापडत नाही!"

"मग आम्हाला ऐकू कसं नाही आलं?" ताईने विचारलं.

मी मावशीकडे पाहिलं. मावशीने छत्री थोडी खाली घेतली.

"टिंग बंद केलेलं होतं," ती छत्रीमागून म्हणाली.

"तो रोज पहाटे जायचा, रोज ओरडायचा, आणि त्याच्या तोंडावर आपण उशी ठेवलेली. तेव्हापासून यंत्र मेलेलं आहे. पण सकाळी भावजी तपासायचे. आता पाणी एकदाच पडायला लागलं. अगदी मोजून. सडणं थांबलं, काचघर फुललं. सगळ्यांना वाटलं माळीकाकांचा नळ काढल्याचा गुण. भावजींना वाटलं नव्या रुबीचा गुण. मांजर कोरडी राहायला लागली, तिला काय वाटलं ते माहीत नाही. यंत्र चालतं का हे बघणारा माणूसच यंत्राचं काम करत होता. आणि मग ताईने त्यांना समुद्रावर नेलं आणि फोन चपलांच्या पिशवीत घातला."

जावईबापू एका उलट्या कुंडीवर बसले.

"म्हणजे मी... रोज हाताने..."

"एक दिवस न चुकता," मी म्हटलं. "तुमच्यासारखा माळी शोधून सापडणार नाही."

ताईला हसू आलं. तिने ते दाबलं. मग परत आलं.

"या घरातल्या प्रत्येकाने काही ना काही केलं," मी म्हटलं. "भावजींनी रुबी हलवली. मावशीने मेल बंद केले. ताईने फोन लपवला. मांजरीने साक्ष दडवली. ज्याने काहीच केलं नाही, कारण त्याला काही करायचीच बंदी होती, असा एकच माणूस होता. आणि त्यानेसुद्धा आपलं पिण्याचं पाणी या पोरांना घातलं. मांजरीच्या वाटीसकट."

मावशीने छत्री मिटली, प्लास्टरचा पाय बादलीवरून खाली घेतला आणि कोणाचाही हात न धरता उभी राहिली. डॉक्टरांनी असं करायला सक्त मनाई केली होती.

"माळीकाका," ती म्हणाली, "तुम्ही तीनदा येऊन सांगितलंत."

"दोनदा," माळीकाका म्हणाले. "तिसऱ्यांदा आलो नाही. ते माझं चुकलं."

"ते माझं चुकलं," मावशी म्हणाली. तिने गाउनच्या खिशातून नळाची चावी काढली आणि पुढे केली. "उद्या आलात तर बरं होईल."

माळीकाकांनी चावीकडे पाहिलं, मग ट्रेकडे.

"येईन. यायला तर लागणारच. काचघर परत भरायचं म्हणजे याच पोरांमधून भरायचं, दुसरं आहे काय आता? पण माझं एक म्हणणं आहे."

"बोला."

"जावईबापूंनी तपासायचं नाही."

"मंजूर," मावशी, ताई आणि मी एका सुरात म्हणालो. जावईबापूंनी कुंडीवर बसल्या बसल्या हात वर केला. तोसुद्धा होकारच होता.

९

दुरुस्ती चहा गार व्हायच्या आत झाली. क्रॉनच्या ओळीत नुसतं "रुबी" लिहिलं होतं. तिथे मी नव्या रुबीचा पूर्ण पत्ता लिहिला, खोली, कपाट, खण सगळ्यासकट. तोंडावरची उशी काढली. सगळं ठीक असेल तर गप्प बस, अडलास तरच ओरड, असं प्रोग्रॅमला बजावलं. आणि मेल मावशीऐवजी माळीकाकांच्या फोनवर लावून दिला.

"अडला तर मला सांगणार?" माळीकाकांनी विचारलं.

"तुम्हालाच."

"आणि मी झारीने घातलं तर?"

"झारी तुमची, नळ तुमचा."

ते फोन खिशात ठेवताना पहिल्यांदाच जरा ताठ उभे राहिले.

"पण तुझ्या त्या मेलवर माझा भरवसा नाही," ते म्हणाले. "मी माझ्या पद्धतीने बघेन."

मी रात्री मावशीकडेच राहिलो. पहाटे उजाडता उजाडता मागच्या बाजूला सूं असा आवाज झाला. घरात कोणी हललं नव्हतं. जावईबापूंचा लॅपटॉप ताईच्या उशाखाली होता. मग एक भयंकर ओरडणं ऐकू आलं, खिडकीवर काहीतरी आदळलं, आणि मावशीच्या खोलीतून तिची किंकाळी आली.

मी धावत गेलो. बाईसाहेब चिंब भिजून पांघरुणात शिरल्या होत्या आणि मावशी तिला शिव्या देता देता दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती.

थोड्या वेळाने माळीकाका आले. काचघराकडे गेले नाहीत, फोनकडे पाहिलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात थांबले आणि चुलीजवळ अंग चाटत बसलेल्या मांजरीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

"ओली आहे," ते म्हणाले, आणि टोपी घालून कामाला लागले.